हुकमनामा (शीख धर्मपरंपरा)

हुकमनामा : शीख धर्मपरंपरेतील अधिकृत आदेश वा आदेशपत्र. ‘हुकम’ (आज्ञा) हा अरबी व ‘नामा’ (पत्र, लेख) हा फार्सी शब्द मिळून ही संज्ञा बनली आहे. आज ती तीन अर्थांनी वापरली जाते : (१) शीख गुरूंनी व त्यांच्या पश्चात गुरुपत्नी, बंदा बहादुर इत्यादींनी ठिकठिकाणच्या संगतींना, म्हणजे शीख समुदायांना, पाठविलेली पत्रे, (२) गुरू ग्रंथसाहिब उघडताच समोर येणारे व त्या दिवसाची आज्ञा म्हणून वाचले जाणारे पद, (३) अमृतसर येथील अकाल तख्तावरून समस्त शीख पंथाला उद्देशून काढलेला आदेश. या तिसऱ्या प्रकारच्या आदेशाचे पालन शिखाने कितपत करावयाचे, आणि प्रत्यक्षात ते कितपत होते, हा आधुनिक शीख समाजातील एक मध्यवर्ती प्रश्न आहे. काही आदेश सर्वत्र शिरोधार्य मानले गेले, काही थोड्याच ठिकाणी पाळले गेले, तर काही पंथाच्या रोषामुळे मागे घ्यावे लागले. प्रस्तुत नोंदीत हुकमनाम्याच्या अधिकाराचा उगम, त्याची आधुनिक व्यवस्था आणि त्याची निवडक स्वीकृती यांचा विचार केला आहे.

हुकमाची कल्पना : पहिले गुरू नानकदेव (१४६९–१५३९) यांच्या वाणीत हुकम ही मूलभूत तत्त्वकल्पना आहे. सर्व सृष्टी ईश्वराच्या आज्ञेने चालते. ती आज्ञा ओळखून तिच्याशी आपली इच्छा एकरूप करणे हाच अहंकारातून सुटण्याचा मार्ग होय, असे त्यांच्या जपुजीचे प्रतिपादन आहे. म्हणजे शीख दृष्टीने आज्ञापालन मुळात ईश्वराच्या संदर्भातील आहे. मनुष्याच्या आज्ञेला त्यात स्थान मिळते, ते ती ईश्वरी आज्ञेशी सुसंगत असेल तेवढ्यापुरतेच. दहावे गुरू गोविंदसिंग (१६६६–१७०८) यांनी नांदेड येथे देह ठेवण्यापूर्वी देहधारी गुरूंची परंपरा समाप्त केली व गुरुपद ग्रंथाकडे सोपविले, अशी शिखांची श्रद्धा आहे. त्याबरोबरच खालसा पंथ हा सामूहिक रीत्या गुरूचा प्रतिनिधी मानला गेला. ‘गुरू ग्रंथ’ आणि ‘गुरू पंथ’ या दुहेरी कल्पनेतून पुढील सर्व प्रश्न उद्‌भवतात; कारण ग्रंथ निश्चित व स्थिर आहे, परंतु पंथाच्या वतीने बोलण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हे प्रत्येक काळात नव्याने ठरवावे लागले आहे.

गुरूंचे हुकमनामे : सहाव्या गुरूंपासूनचे हुकमनामे उपलब्ध आहेत. गंडासिंग या इतिहासकारांनी संपादिलेला त्यांचा संग्रह पंजाबी विद्यापीठाने १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. नववे गुरू तेगबहादुर (१६२१–७५) यांची पाटणा, बनारस इ. ठिकाणच्या संगतींना लिहिलेली पत्रे त्यात विशेष संख्येने आहेत. आशीर्वाद, भेटवस्तू व द्रव्य यांची मागणी आणि ते कोणाबरोबर पाठवावे याविषयीच्या सूचना असे या पत्रांचे सर्वसाधारण स्वरूप आहे. १६९६ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी तिलोका व रामा या बंधूंना घोडेस्वारांसह साहाय्यास येण्याविषयी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. नाभा, जिंद व पतियाळा येथील राजघराणी या बंधूंचे वंशज होत.

आज्ञापालनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे हुकमनामे खालसा पंथाच्या स्थापनेच्या (१६९९) सुमाराचे आहेत. दूरच्या संगतींकडून द्रव्य गोळा करण्यासाठी पूर्वीच्या गुरूंनी ‘मसंद’ नावाचे प्रतिनिधी नेमले होते. कालांतराने त्यांच्यात लोभ व मुजोरी शिरली. तेव्हा मसंदांना न मानता संगतींनी आपली भेट स्वतः घेऊन यावे, असे गुरू गोविंदसिंगांनी लिहून कळविले. गुरूच्याच नावाने वावरणाऱ्या मध्यस्थाची आज्ञा नाकारणे हीच येथे गुरूची आज्ञा ठरली. पुढील काळात एखाद्या धर्माधिकाऱ्याचा आदेश अमान्य करणाऱ्यांनी या उदाहरणाचा आधार वारंवार घेतला आहे.

गुरमता आणि अकाल तख्त : अकाल तख्त हे हरिमंदिरासमोरील पीठ गुरू हरगोविंद (१५९५–१६४४) यांनी १६०६ मध्ये स्थापिले, असे मानतात. ऐहिक सत्ता (मीरी) व आध्यात्मिक सत्ता (पीरी) यांची प्रतीके म्हणून त्यांनी दोन तलवारी धारण केल्या. हरिमंदिर उपासनेचे, तर अकाल तख्त पंथाच्या व्यवहाराचे स्थान झाले. अठराव्या शतकात मोगल व अफगाण सत्तांशी झुंज चालू असताना विखुरलेले शीख जथे बैसाखी व दिवाळी या सणांना येथे जमत. या सभेस ‘सरबत खालसा’ व ग्रंथाच्या साक्षीने तीत झालेल्या निर्णयास ‘गुरमता’ म्हणत. गुरमता गुरूचाच निर्णय मानला जाई व आपसांतील वैर बाजूस ठेवून सर्व सरदारांनी तो पाळावा, अशी अपेक्षा असे. त्यामागे सैन्याचे वा न्यायासनाचे बळ नव्हते. जो निर्णय सर्वांसमक्ष झाला तो मोडणे लज्जास्पद, ही भावनाच त्याचे बळ होती.

या प्रथेच्या अखेरच्या पर्वाशी मराठ्यांच्या इतिहासाचा संबंध येतो. १८०५ मध्ये यशवंतराव होळकर लॉर्ड लेकच्या पाठलागापुढे माघार घेत अमृतसरला आले व त्यांनी शीख सरदारांचे साहाय्य मागितले. त्या प्रसंगी सरबत खालसा बोलावण्यात आला आणि होळकरांच्या बाजूने युद्धात न उतरता मध्यस्थी करावी असे ठरले. या मोहिमेच्या निमित्ताने पंजाबात आलेल्या व पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेल्या जॉन माल्कमने आपल्या शीखविषयक ग्रंथात गुरमत्याचे वर्णन केले आहे. यानंतर महाराजा रणजितसिंग (१७८०–१८३९) यांनी राजकीय प्रश्नांसाठी ही सभा बोलावणे बंद केले. तथापि तख्ताचा नैतिक अधिकार त्यांनाही मान्य करावा लागला. मोरां नावाच्या नर्तकीशी विवाह केल्याबद्दल अकाली फूलासिंग यांनी त्यांना तख्तासमोर बोलावले, महाराजांनी फटक्यांची शिक्षा नतमस्तक होऊन स्वीकारली आणि त्यांची ही नम्रता पाहून संगतीने त्यांना क्षमा केली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. राजाही तख्तापुढे शीखच, हे तिचे तात्पर्य आजही आदेशांच्या समर्थनार्थ सांगण्यात येते.

वसाहतकाल व १९२० चा प्रसंग : १८४९ मध्ये पंजाब इंग्रजांकडे गेल्यानंतर अमृतसरच्या धर्मस्थानांची व्यवस्था सरकारच्या पसंतीच्या ‘सरबराह’ नावाच्या व्यवस्थापकाकडे आली. या व्यवस्थेखाली तख्तावरून निघालेल्या आदेशांचे भवितव्य उद्‌बोधक आहे. सिंगसभा चळवळीतील सुधारक गुरमुखसिंग यांना १८८७ मध्ये पंथातून बहिष्कृत करण्यात आले. परंतु त्यांच्या विचारांचा प्रसार थांबला नाही आणि १९९५ मध्ये अकाल तख्तानेच तो बहिष्कार रद्द केला. गदर चळवळीतील शीख हे शीखच नव्हेत, असे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जाहीर करण्यात आले. जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर जनरल डायरचा सरोपा (मानवस्त्र) देऊन सन्मान झाल्याचेही नमूद आहे. शीख समाजाने या कृत्यांना पंथाचा निर्णय म्हणून कधीच मान्यता दिली नाही. उलट, त्यांच्याविषयीच्या संतापातून गुरुद्वारा सुधारणेच्या चळवळीस जोर आला.

१२ ऑक्टोबर १९२० रोजी अमृतसरमध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील काही जणांना अमृतदीक्षा देण्यात आली व ते कडाह प्रसाद घेऊन हरिमंदिरात गेले. पुजाऱ्यांनी त्यांचा प्रसाद स्वीकारण्याचे नाकारले. वाद वाढल्यावर ग्रंथसाहिब उघडून हुकम घ्यावा, असे ठरले. उघडलेल्या पृष्ठावरील पदाचा आशय, गुणहीनालाही ईश्वर आपल्या कृपेने जवळ करतो, असा निघाला. पुजाऱ्यांना प्रसाद स्वीकारावा लागला. त्यानंतर जमाव अकाल तख्ताकडे गेला, तेव्हा तेथील पुजारी स्थान सोडून निघून गेले आणि तख्ताची व्यवस्था सुधारकांच्या हाती आली. हुकमनाम्याच्या दोन अर्थांमधील संघर्षाचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. अधिकाऱ्याची आज्ञा एक होती, ग्रंथाची आज्ञा दुसरी निघाली, आणि उपस्थित समुदायाने दुसरी श्रेष्ठ मानली.

आधुनिक व्यवस्था : नोव्हेंबर १९२० मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली. दीर्घ सत्याग्रहानंतर १९२५ मध्ये शीख गुरुद्वारा अधिनियम संमत झाला व प्रमुख गुरुद्वारांचे व्यवस्थापन शीख मतदारांनी निवडलेल्या मंडळाकडे आले. अकाल तख्ताच्या प्रमुखाची, म्हणजे जथेदाराची, नियुक्ती ही समितीच करते. समितीच्या सभागृहात १९१ सदस्य असून त्यांपैकी १७० निर्वाचित असतात. गुरुद्वारांचा कारभार चालविण्यासाठी केलेल्या या कायद्यात पंथाला आदेश देण्याच्या जथेदाराच्या अधिकाराची व्याख्या केलेली नाही. त्याची पात्रता, कार्यकाल व पदच्युती यांविषयीचे सर्वमान्य नियमही सिद्ध झालेले नाहीत.

शीख आचाराची अधिकृत संहिता म्हणजे शीख रहित मर्यादा. समितीने ती १९३६ मध्ये मान्य केली व १९४५ मध्ये तीत सुधारणा केली. गुरमता केवळ धर्माच्या मूलतत्त्वांच्या रक्षणासंबंधी, म्हणजे गुरूंचे व ग्रंथाचे महत्त्व, अमृतदीक्षा, रहित आणि पंथाची रचना अशा विषयांवरच करता येतो. इतर धार्मिक, शैक्षणिक, सामाजिक वा राजकीय विषयांवर केवळ ‘मता’, म्हणजे साधा ठराव, होऊ शकतो, असे ती सांगते. गुरमता करण्याचा अधिकार तिने पंथातील निवडक अग्रणी मंडळास अथवा पंथाच्या प्रातिनिधिक सभेस दिला आहे. स्थानिक संगतीच्या निर्णयाविरुद्ध अकाल तख्ताकडे दाद मागता येते, अशीही तरतूद आहे. काही ठिकाणी संहितेनेच मतभेदास वाव ठेवला आहे. उदा., ग्रंथपठणाची सांगता ‘रागमाला’ वाचून करावयाची की तत्पूर्वी, हे स्थानिक रूढीवर सोपविलेले आहे.

प्रत्यक्षात प्रमुख निर्णय ‘पाच सिंगसाहिबान’ घेतात. तख्तांचे जथेदार व आवश्यकतेनुसार हरिमंदिराचे ग्रंथी यांचे हे मंडळ असते. संदेश, आदेश आणि हुकमनामा असे निर्णयाचे चढते प्रकार मानले जातात. हुकमनामा समस्त पंथावर बंधनकारक समजला जातो व तो अकाल तख्तावरून वाचून दाखविण्यात येतो.

तनखा व बहिष्कार : मराठीत वेतन किंवा संस्थानिकांची नेमणूक या अर्थी परिचित असलेला ‘तनखा’ हा शब्द शीख परंपरेत धार्मिक प्रायश्चित्ताचा वाचक आहे. ज्याच्याकडून आचारभंग झाला असेल तो ‘तनखैया’ होय. त्याने संगतीसमोर हात जोडून अपराध कबूल करावा, पाच प्यारे यांनी विचार करून शिक्षा सुचवावी, संगतीने क्षमा करताना हट्ट धरू नये, शिक्षा होणाऱ्याने वाद घालू नये आणि शिक्षा सेवेच्या, विशेषतः हातांनी करावयाच्या सेवेच्या, स्वरूपाची असावी, असे रहित मर्यादेचे मार्गदर्शन आहे. संगतीचे जोडे पुसणे, लंगरातील भांडी घासणे, नियत वाणीचे पठण या नेहमीच्या शिक्षा होत. शिक्षा न स्वीकारणारास पंथातून बहिष्कृत केले जाते; त्याच्याशी रोटीबेटी व्यवहार ठेवू नये, असा आदेश निघतो. तख्ताच्या हाती याहून अन्य दंडशक्ती नाही. आदेशाची परिणामकारकता समाज त्या व्यक्तीला खरोखरच वाळीत टाकतो की नाही, यावर अवलंबून राहते.

राजकीय पुढाऱ्यांनी शिक्षा स्वीकारल्याची उदाहरणे अनेक आहेत. पंजाबी सुभ्यासाठी १९६१ मध्ये आरंभिलेले उपोषण ४८ दिवसांनी, उद्दिष्ट साध्य न होताच, सोडल्याबद्दल मास्टर तारासिंग यांना प्रतिज्ञाभंगाचे दोषी ठरवून जोडे व भांडी स्वच्छ करण्याची सेवा सांगण्यात आली. ती त्यांनी केली. तथापि त्यांचे नेतृत्व पूर्ववत राहिले नाही. जून १९८४ मधील लष्करी कारवाईत उद्‌ध्वस्त झालेल्या अकाल तख्ताची सरकारी पुढाकाराने पुनर्बांधणी करण्यात भाग घेतल्यावरून निहंगप्रमुख बाबा संतासिंग व केंद्रीय मंत्री बूटासिंग यांना बहिष्कृत करण्यात आले. बूटासिंग यांनी १९९४ मध्ये क्षमा मागून सेवा केली, तर संतासिंग यांना २००१ मध्ये क्षमा मिळाली. ती वास्तूही पंथाने स्वीकारली नाही. ती पाडून कारसेवेने नवी उभारण्यात आली.

सुरजितसिंग बर्नाला यांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. पंजाबचे मुख्यमंत्री असताना हरिमंदिराच्या परिसरात पोलीस पाठविल्याबद्दल १९८६ मध्ये झालेली शिक्षा त्यांनी स्वीकारली. परंतु फेब्रुवारी १९८७ मध्ये सर्व अकाली गट विसर्जित करून एक पक्ष स्थापण्याचा आदेश निघाला, तेव्हा त्यांनी तो मानला नाही व त्यांना बहिष्कृत करण्यात आले. व्यक्तिगत आचारभंगाची शिक्षा आणि पक्षाच्या अस्तित्वाविषयीचा आदेश यांत त्यांनी फरक केला. अखेर डिसेंबर १९८८ मध्ये, सत्ता गेल्यानंतर, ते तख्तासमोर हजर झाले; गळ्यात अपराधाची पाटी व खांबाला दोरीने बांधून उभे राहणे ही शिक्षा त्यांनी भोगली. त्यांना बहिष्कृत करणारे तत्कालीन जथेदार, प्रसिद्ध कीर्तनकार दर्शनसिंग रागी, यांनाच २०१० मध्ये दसम ग्रंथाविषयीच्या त्यांच्या वक्तव्यांवरून तख्ताने बहिष्कृत केले. त्यांनी तो निर्णय न मानता आपले कीर्तन चालू ठेवले. आदेश देणारा व आदेश नाकारणारा या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीच्या वाट्याला आल्याचे हे उदाहरण आहे.

निवडक स्वीकृतीचे प्रकार : आदेशांच्या अंशतः पालनाचे चार प्रमुख प्रकार दिसून येतात.

पहिला प्रकार प्रादेशिक व सांप्रदायिक परंपरांचा आहे. शिखांची पाच तख्ते आहेत. त्यांपैकी पाटणा साहिब व नांदेडचे हजूर साहिब ही प्रबंधक समितीच्या कारभाराबाहेर आहेत. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यासाठी १९५६ चा स्वतंत्र कायदा आहे. तेथे ग्रंथसाहिबाबरोबर दसम ग्रंथाचीही स्थापना केली जाते, दिव्यांची आरती होते व शस्त्रांना टिळा लावला जातो. अमृतसरच्या मर्यादेत या गोष्टी बसत नाहीत, तरी नांदेडची परंपरा गुरू गोविंदसिंगांच्या काळापासूनची मानली जात असल्याने तिला बाधा आणली जात नाही. दमदमी टकसाल, निहंग, अखंड कीर्तनी जथा यांच्याही आपापल्या मर्यादा आहेत. हे सर्व अकाल तख्ताचे श्रेष्ठत्व मान्य करतात, मात्र आपला आचार सोडीत नाहीत.

दुसरा प्रकार देशांतरातून उद्‌भवलेला आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात काही गुरुद्वारांच्या लंगरात अनेक वर्षे मेज-खुर्च्या वापरल्या जात. लंगर जमिनीवर पंगतीतच घेतला पाहिजे, असा हुकमनामा १९९८ मध्ये निघाला. समानतेचे प्रतीक म्हणून पंगतीचे महत्त्व कोणी नाकारले नाही. परंतु सर्वच खुर्चीवर बसले तर समता कोठे बिघडते आणि हा मूलतत्त्वाचा प्रश्न आहे काय, असा आक्षेप घेण्यात आला. आदेश न पाळणाऱ्या काही पुढाऱ्यांना बहिष्कृत केले गेले आणि तेथील समाजात दीर्घकाळ फूट पडली. नानकशाही दिनदर्शिकेविषयीही असेच घडले. कॅनडातील पालसिंग पुरेवाल यांनी तयार केलेली ही सौर दिनदर्शिका २००३ मध्ये स्वीकारण्यात आली, तरी पाटणा व नांदेड येथे ती मान्य झाली नाही. २०१० मध्ये तीत बदल करून काही महत्त्वाचे दिवस पुन्हा जुन्या पंचांगाप्रमाणे ठरविण्यात आले, तेव्हा परदेशांतील अनेक गुरुद्वारांनी व पाकिस्तानातील गुरुद्वारा समितीने मूळ दिनदर्शिकाच चालू ठेवली. परिणामी एकाच गुरूचा उत्सव निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या दिवशी साजरा होतो. दोन्ही पक्ष आपण तख्ताचीच आज्ञा पाळतो असे म्हणतात. एक पहिली, दुसरा नंतरची.

तिसरा प्रकार वैचारिक मतभेदाचा होय. दसम ग्रंथाचे प्रामाण्य, रूढ कथांची चिकित्सा यांसारख्या विषयांवर लिहिणाऱ्या काही लेखकांवर कारवाई झाली. ‘स्पोक्समन’ या नियतकालिकाचे संपादक जोगिंदरसिंग यांना २००४ मध्ये बहिष्कृत करण्यात आले. त्यांनी तख्तासमोर हजर होऊन क्षमा मागण्यास नकार दिला व २००५ मध्ये पंजाबी दैनिक सुरू केले. ते न वाचण्याचे आवाहन झाले, तरी ते चालू राहिले आणि संपादकांनी २०२४ मध्ये झालेल्या आपल्या मृत्यूपर्यंत भूमिका बदलली नाही. जथेदार हा पंथाचा सेवक असून त्याला ख्रिस्ती पोपसारखा अधिकार नाही, व्यक्तीला बहिष्कृत करण्याची प्रथा गुरूंच्या शिकवणीत बसत नाही, असा या पक्षाचा युक्तिवाद आहे. उलट, प्रत्येकाने आपापल्या विवेकानुसार आदेश निवडावयाचे ठरविले तर पंथ हे सामूहिक अस्तित्वच उरणार नाही, असे तख्ताच्या समर्थकांचे म्हणणे आहे.

चौथा प्रकार सर्वांत व्यापक असूनही त्याची चर्चा सर्वांत कमी होते. काही आदेशांना कोणी उघड विरोध करीत नाही, पण घरात ते पाळले जात नाहीत. स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध अकाल तख्ताने २००१ मध्ये हुकमनामा काढला. त्या वर्षीच्या जनगणनेत शिखांमध्ये शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ७८६ मुली होत्या. २०११ मध्ये हे प्रमाण ८२८ झाले. म्हणजे सुधारणा झाली, तरी ते राष्ट्रीय सरासरीच्या (९१८) पुष्कळच खाली राहिले. केस न कापण्याचा नियम, मद्यपान व विवाहातील उधळपट्टी यांबाबतही असेच आहे. गाजलेल्या राजकीय आदेशांपेक्षा या मूक अवज्ञेचे परिणाम अधिक खोल आहेत. कारण तीत आदेशाचा अर्थ वा अधिकार यांविषयी वाद नसतो, केवळ तो आपल्याला लागू नाही असे वागणे असते.

पंथाकडून आदेशाचा अस्वीकार : आदेश देणाऱ्यांनाच माघार घ्यावी लागल्याचे अलीकडील ठळक उदाहरण २०१५ मधील आहे. गुरू गोविंदसिंगांच्या वेशाचे अनुकरण केल्यावरून डेरा सच्चा सौदा या पंथाच्या प्रमुखावर व अनुयायांवर सामाजिक बहिष्कार घालण्याचा हुकमनामा २००७ मध्ये निघाला होता. २४ सप्टेंबर २०१५ रोजी सिंगसाहिबानांनी त्या प्रमुखाला क्षमा केल्याचे जाहीर केले. तो तख्तासमोर आला नव्हता, संगतीसमोर त्याने अपराध कबूल केला नव्हता. तेव्हा क्षमेची परंपरागत रीतच पाळली गेली नाही, असा आक्षेप सर्व थरांतून आला. निवडणुकीतील मतांसाठी हा निर्णय घडवून आणला गेला, असा आरोपही झाला. प्रबंधक समितीने निर्णयाच्या समर्थनार्थ जाहिराती दिल्या, तरी रोष शमला नाही. त्यातच ऑक्टोबरमध्ये बरगाडी येथे ग्रंथसाहिबाची विटंबना झाली व बेहबल कलां येथे निदर्शकांवरील पोलीस गोळीबारात दोघे मृत्युमुखी पडले. १६ ऑक्टोबर रोजी क्षमेचा निर्णय मागे घेण्यात आला. १० नोव्हेंबर रोजी अमृतसरजवळील चब्बा गावी भरलेल्या मेळाव्याने स्वतःस सरबत खालसा म्हणवून जथेदारांना पदच्युत केल्याचे व नवे जथेदार नेमल्याचे घोषित केले; समितीने ते अमान्य केले. त्यामुळे एकाच पदावर दोन दावे निर्माण झाले.

या प्रकरणाची परिणती २०२४ मध्ये झाली. अकाली दलाचे अध्यक्ष सुखबीरसिंग बादल यांना, पक्ष सत्तेवर असताना झालेल्या या व अन्य चुकांबद्दल, ऑगस्टमध्ये तनखैया घोषित करण्यात आले व २ डिसेंबर रोजी शिक्षा सुनावण्यात आली. गळ्यात पाटी व हाती भाला घेऊन ते हरिमंदिराच्या प्रवेशद्वाराशी सेवेस बसले. ४ डिसेंबर रोजी तेथेच त्यांच्यावर गोळी झाडण्याचा प्रयत्न झाला, त्यातून ते बचावले. त्यांचे दिवंगत वडील प्रकाशसिंग बादल यांना तख्ताने दिलेली ‘फख्र-ए-कौम’ ही पदवीही काढून घेण्यात आली. शिक्षेचा सेवाविषयक भाग पूर्णपणे पाळला गेला. परंतु पक्षाच्या पुनर्रचनेसाठी तख्ताने नेमलेल्या सात सदस्यांच्या समितीकडे सदस्यनोंदणी सोपविण्याचा भाग पक्षाने, निवडणूक कायद्यातील अडचणी पुढे करून, अमलात आणला नाही. बादल यांचा राजीनामा जानेवारी २०२५ मध्ये स्वीकारला गेला व एप्रिलमध्ये ते पुन्हा अध्यक्ष निवडले गेले. दरम्यान, शिक्षा सुनावणारे जथेदार ग्यानी रघबीरसिंग यांना प्रबंधक समितीने मार्चमध्ये पदावरून दूर केले होते.

अधिकारातील पेच : जथेदाराला दूर करण्याचा हा प्रसंग पहिलाच नव्हता. खालसा पंथाच्या त्रिशताब्दीपूर्वी अकाली गटांनी आपसांतील वाद थांबवावेत, असा आदेश देणारे भाई रणजितसिंग यांना फेब्रुवारी १९९९ मध्ये हटविण्यात आले. त्यांच्या जागी आलेले ग्यानी पूरनसिंग यांनी दिनदर्शिकेच्या वादात जानेवारी २००० मध्ये समितीच्या अध्यक्षा बीबी जागीर कौर यांनाच बहिष्कृत केले. दोन महिन्यांत त्यांनाही पद सोडावे लागले. ज्याच्यापुढे सर्वांनी नतमस्तक व्हावे असे पद बहुमताच्या इच्छेवर अवलंबून असते, ते बहुमत बहुधा एकाच पक्षाचे असते, आणि त्या पक्षाचे पुढारीच प्रसंगी त्या पदासमोर आरोपी म्हणून उभे राहतात, असा हा पेच आहे. समितीची सार्वत्रिक निवडणूक २०११ नंतर दीर्घकाळ झाली नाही, त्यामुळे तिच्या प्रातिनिधिक स्वरूपाविषयीही शंका घेतली जाते. हरयाणातील गुरुद्वारांसाठी वेगळी समिती स्थापन करणारा राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये वैध ठरविला. दिल्लीची समिती पूर्वीपासून स्वतंत्र आहे. परदेशस्थ शिखांना तर या निवडणुकीत मतच नाही, परंतु आदेश त्यांनाही लागू असतात. जथेदाराच्या नियुक्तीत जगभरातील शीख संस्थांचा सहभाग असावा, त्याचा कार्यकाल निश्चित करावा, बहिष्काराच्या निर्णयाविरुद्ध फेरविचाराची सोय असावी, अशा सूचना वेळोवेळी झाल्या आहेत.

मूल्यमापन : शीख परंपरेत आदेशाचे पालन आणि आदेशाची पारख या दोन्हींना पूर्वाधार आहे. रणजितसिंगांची कथा पहिलीचे, तर मसंदांविषयीचे हुकमनामे व १९२० चा प्रसंग दुसरीचे उदाहरण होय. ज्या आदेशांमागे विहित रीत, खुला विचार आणि मूलतत्त्वाशी स्पष्ट संबंध दिसला, त्यांपुढे बलाढ्य पुढारीही अखेर नमले. जेथे सत्ताधाऱ्याचा हात दिसला, तेथे श्रद्धाळू समाजानेच आदेश बाजूस सारला. आणि तसे करताना त्याने तख्ताचा त्याग केला नाही, तख्त पुन्हा निष्पक्ष व्हावे अशीच मागणी केली. तथापि पारख करण्याचा हा अधिकार सोयीचा ठरला की त्याचे रूपांतर पळवाटेत होते, हे स्त्रीभ्रूणहत्येविरुद्धच्या हुकमनाम्यावरून दिसते. तेथे आदेश देणाऱ्याच्या हेतूविषयी शंका नव्हती, तरी पालन अपुरेच राहिले. अमान्य करण्यास योग्य असा आदेश आणि केवळ गैरसोयीचा आदेश यांतील भेद ठरविण्याचे काम परंपरेने संगतीकडे सोपविले आहे. ते ज्या सभेत व्हावयाचे, त्या सर्वमान्य सरबत खालशाची रचना आजच्या काळात कशी असावी, याविषयी पंथात अद्याप एकमत झालेले नाही.